तीन बेन्युएल आणि एक व्याही

लँकेस्टर जिल्ह्यात मला न ओळखणारी एखादी गाय असेल, तर आणून दाखवा! उभा जन्म मी या भागात, वीज-मोटारींपासून लांब राहणाऱ्या जुन्या वळणाच्या आमिश ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या दारोदार दुधाचा टँकर चालवला. कोणत्या आमिश घरचा कुत्रा नुसता भुंकतो आणि कोणता खरंच चावतो, कोणाच्या अंगणात टँकर मागे घेताना चाक खड्ड्यात जातं, कोणाची बायको भल्या पहाटे गरम पाव हातावर ठेवते, सगळं मला तोंडपाठ. त्यामुळे व्याही मंडळींना आमचा भाग दाखवायचं ठरलं, तेव्हा मी बायकोला छाती पुढे काढून सांगितलं, "व्हर्ना, तू फक्त सायकलींत हवा भर. बाकी सगळं माझ्यावर सोड!"

"त्याचीच तर भीती वाटते," व्हर्ना म्हणाली.

बघा! घरच्या माणसाचा हा विश्वास!

आता प्रकरण काय होतं ते सांगतो. आमची एकुलती एक मुलगी जॅनेल. तिचं ट्रेव्हर नावाच्या मुलाशी जमलं. मुलगा गुणी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याचे आईवडील पडले फिलाडेल्फियाचे. जॅनेलला लग्न हवं होतं आमच्या घरामागच्या कुरणात, ओढ्याकाठी, अक्रोडाच्या झाडाखाली. लहानपणापासून तिनं ते झाड राखून ठेवलं होतं. आणि आमचे व्याही ग्रँट व्हिटलॉक यांना ते हवं होतं शहरातल्या हॉटेलात, विसाव्या मजल्यावर! अहो, लग्न लावायचंय की खिडक्या पुसायच्यात? बरीच ओढाताण झाल्यावर असं ठरलं, की व्याही आणि विहीणबाई एका शनिवारी येऊन आमचा भाग बघतील. आवडला तर कुरण, नाही तर विसावा मजला.

जॅनेलनं फोनवर बजावलं, "बाबा, माझं सगळं आता तुमच्या हातात आहे. प्लीज, गोंधळ घालू नका."

गोंधळ! मी! पोटच्या पोरीनं असं बोलावं?

बेत अगदी सरळ होता. जुन्या आगगाडीचे रूळ उखडून केलेला सायकलरस्ता आमच्या गावातूनच जातो. चढ नाही, उतार नाही, मोटारींची कटकट नाही. दोन्ही बाजूंना मका नि तंबाखू, खेचरांचा नांगर, दोरीवर वाळणारे जांभळे-निळे कपडे. रमतगमत जायचं, दुपारी बेन्युएल बाइलरकडे भरपेट जेवायचं आणि संध्याकाळच्या आत घरी. असं जेवण जेवल्यावर विसाव्या मजल्याचं नाव काढेल असा माणूस अजून जन्माला यायचाय, असं माझं मत होतं.

आता बेन्युएल बाइलर म्हणाल, तर आमच्याकडे ढिगानं आहेत. आमिश लोक नावं मोजकीच ठेवतात आणि तीच फिरवून फिरवून वापरतात, त्यामुळे प्रत्येकाला टोपणनाव लावल्याशिवाय काम चालत नाही. नुसत्या त्या सायकलरस्त्याच्या कडेला तिघं आहेत. लंबू बेन्युएल, मुक्या बेन्युएल आणि डुकऱ्या बेन्युएल. मुक्या काही खरोखर मुका नाही, त्याला बोलायचा कंटाळा आहे. आणि डुकऱ्या हा दिसायला नव्हे हं! तो गाईंबरोबर डुकरंही पाळतो, एवढंच. माणूस फार चांगला. त्याची बायको मालिंडा हिच्यासारखा स्वयंपाक पंचक्रोशीत कोणाला जमत नाही. मला जायचं होतं ते तिच्याकडे.

या लोकांच्या घरात फोन नसतो. शेताच्या कडेला एक लाकडी खोपटं, त्यात फोन आणि निरोप नोंदवायचं यंत्र. शेजारपाजारच्या सगळ्यांचं मिळून खोपटं एकच. मी फोन लावला, तेव्हा नेमकी आमची विहीणबाई सिंथिया शेजारच्या खुर्चीत बसलेली होती. त्या दिवशी दोघं उभ्या उभ्या कॉफीला आले होते. विहीणबाईंची पँट अशी पांढरीशुभ्र, की खुर्ची मी दोनदा पुसून दिली. आता सांगा, या बाईंच्या देखत मी काय म्हणणार? 'डुकऱ्या, शनिवारी तुझ्याकडे जेवायला येतोय'? लग्न तिथंच मोडलं असतं!

म्हणून मी अगदी सभ्यपणे म्हणालो, "बेन्युएल, मी लमार बोलतोय. शनिवारी दुपारी आम्ही चौघं सायकलींवर जेवायला येतोय. साधंच कर."

एवढंच म्हणालो. यात माझं काय चुकलं, ते मला आजपर्यंत कोणी नीट सांगितलेलं नाही.

शनिवार उजाडला. ऊन छान पडलं होतं. व्याही सायकल घेऊन गाडीतून उतरले आणि मी बघतच राहिलो. अंगाला चिकटलेले चकचकीत कपडे, डोक्यावर टोकदार शिरस्त्राण, मनगटावर घड्याळ. ते घड्याळ म्हणे नाडी मोजतं, झोप मोजतं, खाल्लेलं जिरलं की नाही तेही सांगतं. खिशात बियांची पिशवी. तसल्याच बिया मी माझ्या कोंबड्यांना घालतो.

"व्याहीबुवा, आज जरा रमतगमत जायचंय," मी म्हणालो.

"लमार, रमतगमत गेल्यानं हृदयाला काही उपयोग होत नाही!" असं म्हणून हा गृहस्थ सुसाट निघाला. पुढे जायचा, वळून परत यायचा, आम्हाला प्रदक्षिणा घालायचा, पुन्हा पुढे जायचा. विहीणबाई मात्र मजेत होत्या. घोडा दिसला की थांबायच्या, वासरू दिसलं की थांबायच्या. मला बाई आवडली.

थोडं पुढे जातो, तो पहिल्या फाट्यावर लंबू बेन्युएलची बायको सेडी उभी. पांढरी टोपी, धुतलेला एप्रन, चेहऱ्यावर मोठं हसू.

"आलास का लमार? चला चला, टेबल मांडलंय!"

व्हर्नानं मला कोपरानं ढोसलं. "आपण मालिंडाकडे जाणार होतो ना?"

"हळू बोल! मालिंडाला बरं नसेल. हिनं अंगावर घेतलं असेल. यांच्यात असंच असतं, एकीला जमलं नाही की दुसरी करते."

"मग विचार ना तिला."

"व्याह्यांच्या देखत? म्हणजे जेवण कुठं आहे तेच मला ठाऊक नाही, असं दिसू दे?"

मी सायकल वळवली आणि मोठ्यानं म्हणालो, "आलोच सेडी! वासावरच आलो बघ!"

लंबू बेन्युएल टेबलाच्या टोकाला बसला होता. बसलेला असूनही तो उभ्या व्हर्नाएवढा दिसतो. सगळ्यांनी माना खाली घालून मनातल्या मनात प्रार्थना केली आणि मग जे वाढप सुरू झालं! पावाचे तुकडे घालून भाजलेली कोंबडी, लोणी ओतलेले कुस्करलेले बटाटे, त्यावर रस्सा, तांबूस लोण्यातल्या नूडल्स, आंबटगोड भाज्या, घरचा पाव, त्यावर सफरचंदाचा मुरंबा. व्याही म्हणाले, "मी जरा कमीच खातो." सेडी म्हणाली, "हो हो, आमच्याकडेही सगळे कमीच खातात," आणि बटाट्यांचा ढीग त्यांच्या बशीत लोटला. पहिला घास घेतला आणि व्याह्यांनी खिशातली बियांची पिशवी काढून बाजूला ठेवली. नंतर त्यांनी स्वतःहून नूडल्स मागितल्या! शेवटी शूफ्लाय नावाचं काकवीचं गोड पक्वान्न आलं, त्याचेही दोन तुकडे गेले. घड्याळ मनगटावर पी पी करून ओरडत होतं. त्यांनी ते काढून खिशात टाकलं.

बाहेर पडताना व्याही म्हणाले, "लमार, खरं सांगतो, असं जेवण मी जन्मात जेवलो नाही."

मनातल्या मनात मी कुरणात मांडवसुद्धा घालून टाकला! व्हर्नाकडे असा काही बघितलं, की तिनं मान दुसरीकडे वळवली. आम्ही आता खरोखर रमतगमत निघालो. व्याह्यांच्या प्रदक्षिणा बंद झाल्या होत्या.

आणि वळणावर, रस्त्याच्या मधोमध, मुक्या बेन्युएल उभा. गवती टोपी, हात मागे बांधलेले.

"काय बेन्युएल, बरं आहे ना?" मी विचारलं.

"जेवण," तो म्हणाला.

"जेवण काय? झालं का तुझं?"

"तुमचं."

माझ्या पोटात गोळा आला. म्हणजे आधीच होता, त्यावर आणखी एक आला! पलीकडे दारात त्याची बायको फॅनी हात हलवत होती, आणि पोरं ओळीनं हात धुवून उभी होती. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो निरोप! खोपटं एक, निरोप एक आणि बेन्युएल तीन!

"लमार," व्हर्ना दात आवळून म्हणाली, "निरोपात नाव काय घेतलं होतंस?"

"बेन्युएल."

"नुसतं बेन्युएल?"

"विहीणबाई शेजारी होत्या!"

तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं की आम्ही जेवून आलोय. सांगा हो, तुम्ही सांगा! त्या बाईनं सकाळपासून चुलीपुढे उभं राहून कोंबड्या भाजल्या होत्या. आणि भर हिवाळ्यात माझा टँकर बर्फात रुतला होता, तेव्हा याच मुक्यानं खेचरं जुंपून तो ओढून काढला होता. त्याबद्दल पुढे चकार शब्द बोलला नाही. आधीही बोलला नव्हता म्हणा. त्याच्या तोंडावर 'नको' म्हणायची माझी छाती नाही.

व्याही सायकल टेकवून विचारत होते, "काय झालं? काही अडचण आहे का?"

आणि इथं मी जरा डोकं चालवलं. "अडचण कसली! व्याहीबुवा, आमच्याकडे खास पाहुण्यांना दोन घरी जेवू घालतात. फार जुनी पद्धत आहे."

"दोन घरी? एकाच दुपारी?"

"मान मोठा असला तर," मी म्हणालो.

व्याह्यांनी एकदा फॅनीकडे बघितलं, एकदा स्वतःच्या पोटाकडे, आणि सायकल भिंतीला लावली. माणूस हट्टी असला तरी मानाला हपापलेला, हे मी ओळखून होतो.

पुन्हा माना खाली. प्रार्थना संपली, सगळ्यांनी माना वर केल्या, व्याह्यांची मान खालीच! बराच वेळ झाला. मुक्या बेन्युएलच्या डोळ्यांत आदर दाटून आला, पोरं श्वास रोखून बघत राहिली. मला मात्र बारीक घोरणं ऐकू येत होतं. विहीणबाईंनी चिमटा काढला, तेव्हा कुठे ते जागे झाले. मग तीच कोंबडी, तेच बटाटे, वर दाट सायीतली सेलरीची भाजी. मी घास गिळत होतो, पण तो जाणार कुठं? खाली सेडीची कोंबडी बसलेली! व्हर्ना माझ्याकडे बघत नव्हती. विहीणबाई तेवढ्या हसतमुखानं म्हणाल्या, "फॅनी, या सेलरीत काय घालतेस गं?" त्या पांढऱ्या पँटीतल्या बाईनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं! मी मनातून हात जोडले.

बाहेर आलो तेव्हा व्याह्यांना सायकलीवर पाय टाकता येईना. मी मागून ढकललं. चकचकीत कपड्याची चेन कधीच उघडी पडली होती.

आता उरला डुकऱ्या. मागे फिरावं तर व्याह्यांना कारण काय सांगणार, आणि पुढून वळसा घेऊन घरी जावं तर त्याच्या घराला टाळून वाट नाही. मी सगळ्यांना जवळ बोलावलं. "आता पुढचा पट्टा फार रम्य आहे. तो जोरात पार करायचा असतो. माना खाली घाला आणि उजवीकडे बघू नका."

"का? उजवीकडे काय आहे?" विहीणबाईंनी विचारलं.

"काही नाही!"

"मग बघायला काय हरकत आहे?"

"व्याहीबुवा," मी ओरडलो, "आता हृदयाचा उपयोग करून घ्या!"

निघालो. मी पुढे, व्हर्ना मागे, व्याही कण्हत कण्हत मधे. डुकऱ्याचं कुंपण सुरू झालं. आणि विहीणबाई थांबल्या! "अगं बाई, केवढी ही डुकरं! ग्रँट, बघ ना! नमस्कार हो काका!"

डुकऱ्या बेन्युएल कुंपणापाशीच उभा होता. त्यानं मला पाहिलं. मी त्याला पाहिलं नाही असं दाखवलं आणि जोरात पॅडल मारलं. मागे चाकांची खरखर ऐकू आली. आमिश लोक सायकल वापरत नाहीत, पायानं रेटायची स्कूटर वापरतात. पुढे बास्केट, एक पाय फळीवर, दुसऱ्यानं जमीन ढकलायची. त्या तसल्या स्कूटरवरून हा दाढीवाला माणूस, गवती टोपी हातानं धरून, आधी व्हर्नाच्या पुढे गेला, मग विमानासारख्या सायकलीवरच्या आमच्या व्याह्यांच्या पुढे गेला, जाता जाता त्यांना "ऊन बरंय आज" असंही म्हणाला, आणि माझ्यासमोर येऊन आडवा उभा राहिला.

"लमार," तो म्हणाला, "इतकी वर्षं दूध नेलंस माझ्याकडून, आणि आज घर चुकलास?"

मी निमूटपणे सायकल त्याच्या अंगणाकडे वळवली.

मालिंडानं डुकराची अख्खी मांडी भाजली होती. वर मध, लवंगा. बाकी बटाटे, नूडल्स सगळं होतंच. भुकेल्या पोटी मी ते बघून रडलो असतो. भरल्या पोटीही डोळ्यांत पाणी आलंच. आम्ही बाकावर बसलो. बसलो म्हणजे व्याही अर्धे आडवेच झाले.

तेवढ्यात बाहेर बग्गी थांबली. दारातून सेडी आणि लंबू बेन्युएल आत आले. व्याह्यांची बियांची पिशवी त्यांच्याकडे राहिली होती, ती द्यायला. त्यांच्या मागोमाग फॅनी, आमच्यासाठी वाटेत खायला म्हणून केक घेऊन. तिच्यामागे मुक्या. तिन्ही बेन्युएल एका स्वयंपाकघरात!

आणि नेमकं त्याच वेळी व्याही क्षीण आवाजात मालिंडाला विचारतात, "ही पाहुण्यांना घरोघरी जेवू घालायची पद्धत किती जुनी आहे हो?"

"कसली पद्धत?" मालिंडा म्हणाली.

सेडी हसायला लागली. "अहो, पद्धत नाही. लमारचा निरोप आला, नुसतं बेन्युएल एवढंच म्हणाला. आम्ही तिघीही ऐकला. मी म्हटलं, फॅनीसाठी असेल."

"मी म्हटलं, मालिंडासाठी," फॅनी म्हणाली.

"आणि मी म्हटलं, सेडीसाठी," मालिंडा म्हणाली. "तो माझ्यासाठीच आहे, असं आपल्याच तोंडानं कोण म्हणणार? पण न जाणो, आमच्याच दारी आलात तर? म्हणून तिघींनीही करून ठेवलं."

"अगं, मला उलटा फोन करायचा!" मी ओरडलो.

"आणि काय विचारायचं? तुला माझंच जेवण आवडतं ना, असं?" मालिंडाचे गाल लाल झाले. आपणहून पुढे पुढे करणं म्हणजे या लोकांना मरण. मला हे ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंच!

"पण आता आलाच आहेस तर सांगून टाक," सेडी म्हणाली. "निरोप होता कोणासाठी?"

तीन पांढऱ्या टोप्या माझ्याकडे वळल्या. मालिंडा म्हणावं, तर सेडी आणि फॅनी यांनी उगाच दिवसभर चुलीशी जीव काढला, असं होणार. पुन्हा कधी त्यांच्या दारात उभा राहू? दुसरं कोणाचं नाव घ्यावं, तर ज्या मालिंडाकडे यायचं होतं, तिच्याच घरात बसून तिचा अपमान. माझं डोकं गरगरायला लागलं. आणि मी ठासून म्हणालो,

"तिघांसाठी!"

काय उजळले हो ते तीन चेहरे! लंबूनं माझ्या पाठीवर थाप मारली. डुकऱ्या म्हणाला, "वाटलंच मला!" मीही फुशारून बसलो. आणि मग बाकावरून व्याही हळूहळू उठून बसले.

"म्हणजे," ते म्हणाले, "हे ठरवून होतं? तीन जेवणं? मुद्दाम?"

मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"मला वाटलं, बिचाऱ्याचा घोटाळा झाला असेल. मी मनात म्हणत होतो, माणूस भोळा आहे, सांभाळून घ्यावं. कुरणाला हो म्हणणार होतो मी! आणि तुम्ही मला वर पद्धत सांगता? सांगा लमार, तिघांसाठी होता निरोप?"

मी व्हर्नाकडे बघितलं. ती छताकडे बघत होती. जॅनेल डोळ्यांपुढे आली, तिचं अक्रोडाचं झाड आलं. आणि समोर या तिघी, एप्रनला हात पुसत, आनंदानं फुललेल्या. 'नाही' म्हटलं की कुरण मिळतं, आणि या तीन घरांची मान खाली जाते.

"हो," मी म्हणालो. "तिघांसाठी."

मुक्या बेन्युएलनं व्याह्यांपुढे भांडं धरलं. "बटाटे?"

परत यायला सायकली कामाच्या नव्हत्या. लंबूनं गवताची गाडी जुंपली, त्यात सायकली रचल्या आणि त्यांच्या शेजारी व्याह्यांना निजवलं. सगळ्या वाटेत ते एकदाच बोलले.

"विसावा मजला," ते म्हणाले.

जॅनेलला मी सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यांचा मान राखलात, बरं केलंत. पण आता थोडे दिवस माझ्याशी बोलू नका."

घ्या! म्हणजे चांगलं केलं ते केलं, वर शिक्षाही मलाच!

लग्न झालं विसाव्या मजल्यावर. जॅनेल सुंदर दिसत होती. तिन्ही बेन्युएल सहकुटुंब भाड्याची व्हॅन करून आले होते आणि खिडकीपासून लांब बसले होते. जेवायला प्रत्येकासमोर परातीएवढी बशी आली. मधोमध माशाचा एवढासा तुकडा, बाजूला दोन शेंगा, हिरव्या रसाचे ठिपके. मुक्यानं बशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "जेवण?"

मी आपली बशी संपवली. लगेच वेटरनं दुसरी आणून ठेवली. भरलेली!

"मी मागवली नाही," मी म्हणालो.

"व्हिटलॉकसाहेबांनी सांगितलंय."

पलीकडच्या टेबलावरून व्याही उठले, ग्लास उंच केला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लमार, नाही म्हणू नका हं! आचारी नाराज होईल. खास पाहुण्यांना आमच्याकडे तीनदा वाढतात. फार जुनी पद्धत आहे!"

सगळा हॉल हसला. सेडी, फॅनी, मालिंडा तोंडाला हात लावून हसल्या. जॅनेल तर डोळे पुसत हसत होती, आणि ती माझ्याकडे बघून हसली म्हणून मी काही बोललो नाही. नाही तर भर लग्नात मुलीच्या बापाची अशी थट्टा करायची, ही कुठली रीत? मी विचारतो तुम्हाला! दुसरी बशी संपवली. तिसरी आली, तीही मान ताठ ठेवून संपवली.

पण तुम्हाला म्हणून सांगतो, व्याह्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. तिसरी बशी उचलायला वेटर वाकला, तेव्हा मी त्याला हळूच विचारलं, "बाबा रे, चौथी मिळेल का?"